लाल वहीत तिशीचा हिशेब: एका जुन्या रोजकीर्दीचं परीक्षण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की आधी कच्च्या वहीत नोंद पडते, मग पक्क्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, आणि सवडीनं खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर आल्यापासून या वह्यांचा खप उतरला, तरी दिवाळीच्या तोंडावर गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोडच्या बाजारात लाल कापडी बांधणीच्या वह्यांच्या चळती अजून दिसतात. हे परीक्षण त्याच वहीचं आहे, फक्त हिशेब पैशाचा नाही, वेळेचा आहे. तिशी उलटली की पुष्कळांना वाटायला लागतं, सगळं जागच्या जागी आहे पण कशातच जीव रमत नाही, आपण नक्की कोण आणि कुणासाठी पळतोय ते कळेना. त्यावर प्लॅनर, ॲप, शिबिरं असा भरपूर माल विकला जातो. त्यात ही वही कुठे बसते ते पाहू.

निकाल आधीच सांगतो: दहापैकी साडेसात. वही उमेद देत नाही, पण उमेद कुठून गळतेय ते तीन महिन्यांत पैशापैशानं दाखवते. अडीच गुण कशाचे कापले ते ओघात येईलच.

आधी वही कोणती घ्यायची. दोन जाती आहेत. एक जुनी लांब उभी वही: वरच्या टोकाला शिवलेली, पान उलटलं की वर जाणारी, दोरीनं गुंडाळून ठेवायची. तिला रेघा नसतात. पान दुमडून घड्या पाडायच्या, व्यापारी त्यांना सळ म्हणतात. आठ सळांच्या पानात डावीकडचे चार जमेचे, म्हणजे आलेल्याचे, उजवीकडचे चार नावेचे, म्हणजे दिलेल्याचे. प्रत्येक बाजूच्या पहिल्या घडीत रक्कम आणि उरलेल्या तीनांत तपशील. दिसायला देखणी, पण घड्या सरळ पाडायला हात बसावा लागतो आणि ऑफिसच्या बॅगेत ती मावत नाही. दुसरी छापील कीर्द: जाड पुठ्ठा, तारीख, तपशील, खा. पा., रुपये, पैसे असे रकाने. या कामाला हीच घ्यावी. रुपयांच्या रकान्यात तास येतात, पैशांच्या रकान्यात तासाचा भाग, आणि 'खा. पा.' म्हणजे खाते पान हा रकाना तर इथे सोन्यासारखा आहे.

एक गल्लत पहिल्याच दिवशी होते. दीड तास म्हणून १ रुपया ३० पैसे लिहायचे, खाली पाऊण तास म्हणून ४५ पैसे, आणि बेरीज १.७५. प्रत्यक्षात ते सव्वादोन तास. तास साठाचा, रुपया शंभराचा. तेव्हा मिनिटं लिहूच नयेत. पाव तास २५ पैसे, अर्धा ५०, पाऊण ७५. पाव तासापेक्षा बारीक नोंद करायची नाही. आपल्या भाषेत पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच इतके हुकमी शब्द आहेत की हा हिशेब तोंडी होतो.

दुसरी गल्लत बी.कॉम. झालेल्यांची. कॉलेजच्या पुस्तकातल्या खात्यात नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते. देशी पद्धतीत जमा डावीकडे, नावे उजवीकडे. इथे देशी पद्धतच धरावी. उजव्या बाजूला, म्हणजे नावे, तुम्ही दिलेला वेळ. डाव्या बाजूला, म्हणजे जमा, त्या वेळातून हाती काय आलं. ते आल्याचं माप फक्त तीन आकड्यांत: हुरूप आला तर १, जैसे थे तर ०, जीव उतरला तर वजा १. एक ते दहाची पट्टी कुणी सुचवली तर नको म्हणा. सहा आणि सातामधला फरक ठरवण्यातच संध्याकाळ जाते.

नोंद दिवसातून तीनदा: दुपारच्या डब्याच्या वेळी, घरी आल्यावर, झोपण्यापूर्वी. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं. रात्री एकदाच बसून सगळा दिवस आठवून लिहिला तर दोन खाती हटकून खोटी पडतात, झोप आणि मोबाईल. झोप फुगते, मोबाईल आक्रसतो. मोबाईलचा आकडा आठवणीतून लिहूच नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये दिवसभराचा वापर दिसतो, तो जसाच्या तसा उतरवा. बहुतेकांचा पहिला धक्का तिथेच बसतो.

आता खाती. खतावणी मागच्या पानांत घाला किंवा स्वस्तातली दुसरी वही घ्या. खाती दहाच्या वर नकोत: झोप, पोटापाण्याचं काम, ये-जा, घर, जेवण-अंघोळ, शरीर, माणसं, मोबाईल, स्वतःचं, किरकोळ. हिशेब तपासनीस कुठल्याही पेढीत आधी किरकोळ खर्चावर बोट ठेवतो, कारण सगळी चोरी तिथे लपते. इथेही तेच.

'घर' हे खातं मात्र एकसंध ठेवू नये, आणि बायकांनी तर मुळीच नाही. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचं औषधपाणी हे दिसतं तरी. लाईट बिलाची शेवटची तारीख, गॅसचा नंबर लावणं, लसीची तारीख, पाहुण्यांचा आहेर हे सगळं डोक्यात वागवण्याचं काम कुठल्याच रकान्यात येत नाही. त्याला 'आठवण' नावाचं पोटखातं द्यावं. त्यात तास थोडेच दिसतील, पण वजा १ च्या रांगा लागतील. हे काम घरात वाटून घ्यायचं का, हा विषय मग आकड्यांवर बोलता येतो, आवाज न चढवता.

पहिले तीन आठवडे फक्त लिहायचं. काहीही बदलायचं नाही. व्यायाम सुरू करायचा नाही, पहाटे उठायचं नाही. नवी वही आणली की नवं आयुष्य सुरू करायची खाज सुटते आणि हिशेब पहिल्याच आठवड्यात देखाव्याचा होतो. आरंभीची शिल्लक खरी लिहिली नाही तर पुढचा ताळेबंद कशाचा काढणार?

रविवारी तेरीज, म्हणजे खात्यांच्या बेरजांचा गोषवारा. याला चाळीस मिनिटं लागतात आणि वहीची खरी किंमत इथेच वसूल होते. रोजची नोंद खतवायची, म्हणजे प्रत्येक ओळ आपापल्या खात्यात न्यायची आणि खा. पा. च्या रकान्यात त्या पानाचा नंबर टाकायचा. आठवड्याचे तास १६८. एकूण बेरीज तेवढी आलीच पाहिजे. जे तास सापडत नाहीत ते किरकोळीत टाकायचे, कुठेतरी कोंबायचे नाहीत.

नमुन्यादाखल एक आठवडा मांडून पाहू. माणूस विश्रामबागेत राहणारा, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, सहा दिवसांचा आठवडा. झोप ४५.५०, काम ५४, ये-जा ६, घर १९, जेवण-अंघोळ १४, मोबाईल १७.५०, माणसं ४, शरीर १.५०, स्वतःचं ०.५०, किरकोळ ६. बेरीज १६८. आता जमा बाजू. माणसांच्या खात्यात तीन नोंदी, तिन्ही १. मोबाईलच्या खात्यात एकवीस नोंदी, बेरीज वजा ९. स्वतःच्या खात्यात अर्ध्या तासाची एकच नोंद, १. म्हणजे जिथून परतावा येतो तिथे भांडवल साडेचार तास, आणि जिथे बुडतं तिथे साडेसतरा. हे कागदावर न मांडता माणूस म्हणतो, "मला मोटिव्हेशनच नाही." पेढी असती तर मालकानं एवढंच पाहिलं असतं की माल चुकीच्या गोदामात पडून आहे.

कामाच्या खात्यातही असाच गोंधळ असतो. तिशीत नोकरी नकोशी झाली की सगळी नोकरीच वजा वाटते. पोटखाती पाडा: प्रत्यक्ष काम, मीटिंग, कामाचे व्हॉट्सॲप ग्रुप, सुटल्यानंतर येणारे फोन. पुष्कळदा प्रत्यक्ष कामाला ० किंवा १ पडतात आणि खड्डा रात्री साडेनऊच्या फोनांनी पाडलेला असतो. त्याचा इलाज राजीनामा नाही. उलट प्रत्यक्ष कामालाच सलग वजा १ पडत असतील तर पगारवाढीनं ते भरून निघणार नाही, हेही दिसतं. नोकरी सोडायचा निर्णय आठ आठवड्यांच्या तेरजा हातात असल्याशिवाय घेऊ नये. मार्च एंडिंगचा एक आठवडा पाहून तर नकोच.

चौथ्या आठवड्यापासून बदल, तोही एकच. वरच्या माणसानं मोबाईलचे साडेसतरा तास शून्यावर आणायला जाऊ नये. ते जमत नाही आणि वही अडगळीत जाते. तीन तास काढायचे, पाऊण तासाचे चार हप्ते करून. हे हप्ते 'वेळ मिळाला की' असे ठेवले तर कधीच पडत नाहीत. घरातल्या ठरलेल्या घटनेला बांधायचे: सकाळी नळाचं पाणी भरून झालं की, मुलाची रिक्षा गेली की, संध्याकाळी गाडी स्टँडवर लावली की. अमुक झालं की तमुक, एवढी साधी ओळ वहीच्या पहिल्या पानावर 'श्री'च्या खाली लिहून ठेवायची. मानसशास्त्रात या पद्धतीवर भरपूर काम झालेलं आहे आणि नुसत्या संकल्पापेक्षा ती जास्त टिकते.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सांगणारे प्लॅनर खुशाल बाजूला ठेवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा. त्याच अभ्यासात आणखी एक कामाची गोष्ट आहे: एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाचं पान मागाहून भरू नये. तिरकी रेघ मारावी, पुढे जावं. लग्नसराई, आजारपण, गणपती यांचे आठवडे समासात तसं लिहून सोडून द्यावेत.

आता 'स्वतःचं' या खात्याबद्दल, कारण तिशीतला मूळ प्रश्न तिथे आहे. बहुतेकांना या खात्यात काय लिहावं तेच सुचत नाही. सून, बाप, सीनियर इंजिनिअर, सोसायटीचा सेक्रेटरी अशी नात्यांची आणि हुद्द्यांची खाती भरलेली, आणि हे एक पान कोरं. 'छंद', 'आत्मविकास' अशी भारदस्त नावं देऊन ते भरत नाही. नाव क्रियापदाचं हवं: पोहणे, वाचणे, तबला वाजवणे, कृष्णेच्या घाटावर चालणे. सांगली नाट्यपंढरी, इथे कॉलेजात एकांकिका केलेले आणि पंचविशीत सुटलेले लोक गल्लोगल्ली आहेत. त्यांनी 'कला' असं खातं उघडण्याऐवजी 'तालमीला जाणे' असं उघडावं. गेलात तर तास पडतील, नाही गेलात तर पान कोरं राहील. मधली पळवाट नाही.

आणि येणी, म्हणजे वसूल व्हायची बाकी. हे पान वहीच्या शेवटी, वर्षातून एकदा. विशीत स्वतःला जी वचनं दिली ती सगळी एकाखाली एक लिहायची: अधिकारी व्हायचं, पुण्यात फ्लॅट, गाण्याच्या परीक्षा, वडिलांची द्राक्षबाग बघायची, परदेश. प्रत्येकापुढे शेवटचा तास कधी दिला ती तारीख. पेढीवर जे येणं वर्षानुवर्षं वसूल होत नाही ते कधीतरी बुडीत खात्यात टाकावं लागतं, नाहीतर ताळेबंद फुगलेला दिसतो आणि गल्ल्यात पैसा नसतो. तिशीतल्या थकव्याचा मोठा वाटा अशा न वसूल होणाऱ्या येण्यांचा असतो. राज्यसेवेला खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. चौतिसाव्या वर्षी अभ्यासाच्या खात्यात वर्षभर एकही तास नसेल, तर एकतर आठवड्याचे तास ठरवून ते खातं चालू करा किंवा तारीख टाकून बुडीत लिहा. 'मागील पानावरून पुढे चालू' असं लिहून दरसाल ओढत नेणं सगळ्यात महाग पडतं. बुडीत लिहिताना हात जड होतो, हे खरं. पण त्यानंतरच्या दोन-तीन तेरजांत वजा नोंदी कमी झालेल्या दिसतात, कारण ते रोज आडून टोचत होतं.

इथवर वहीचं कौतुक. आता ती कुठे निकामी ठरते.

पावसाळ्यात सांगलीकर नदीला अंदाजानं मोजत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी विचारतो: ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. मनाचंही तसंच मोजमाप आहे. दोन आठवडे जवळपास सगळ्याच खात्यांत वजा १ पडत असेल, पूर्वी ज्यात हमखास १ यायचा त्यातही, तर तो हिशेबाचा प्रश्न राहिलेला नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरांना दाखवावं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज न पाहता त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट आणि मराठीत आहे.

शरीराचीही बाजू तपासा. थायरॉईड मंद असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, बी-१२ कमी असेल तर माणूस आळशीच दिसतो. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ आणि बायकांत हिमोग्लोबिन आधी बघावं. झोपेचं खातं आठ तासांचं असूनही सकाळची पहिली नोंद रोज वजा १ पडत असेल आणि घरचे घोरण्याबद्दल तक्रार करत असतील, तर डॉक्टरांना झोपेत श्वास अडतो का ते विचारावं. यातलं काहीही वहीनं बरं होणार नाही. फार तर डॉक्टरसमोर "हल्ली बरं वाटत नाही"च्या ऐवजी सहा आठवड्यांचे आकडे ठेवता येतील, आणि तपासणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

दुसरा मोठा दोष खासगीपणाचा. लाल वही घरात लपत नाही. "काय गं, रोज काय लिहितेस?" हा प्रश्न आठवड्याभरात येतो, आणि आपल्या नावापुढे वजा १ वाचलेल्या माणसाची समजूत काढणं सोपं नसतं. माणसांची नावं लिहू नका, खात्याचे नंबर टाका. जुने व्यापारी मोडीत लिहायचे ते उगाच नाही, असं या निमित्तानं वाटून जातं. मात्र त्यासाठी मोडी शिकायला बसलात तर ते 'स्वतःचं' खात्यात लिहा, पळवाट म्हणून नको.

तिसरा दोष बांधणीचा. कापडी कव्हरचा लाल रंग ओलाव्यानं सुटतो आणि बॅगेतल्या कागदांना लागतो. पावसाळ्यात प्लॅस्टिक चढवावं. कागद मऊ असतो, जेल पेनची शाई मागच्या बाजूला उमटते. बॉलपेन किंवा पेन्सिल बरी. शिलाई सैल निघाली तर मधली पानं दोन महिन्यांत हातात येतात, म्हणून घेताना वही मधोमध उघडून दोरा ओढून बघा. आणि गावभागात किंवा नदीकडच्या बाजूला घर असेल तर भरलेल्या वह्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तळमजल्यावरचं काहीच वाचलं नव्हतं.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. तारखा छापलेला प्लॅनर जानेवारीत सुरू होतो आणि चार पानं कोरी गेली की ती रोज तोंडावर मारतो. शिवाय पानोपानी सुविचार. त्याच किमतीत साध्या कीर्दवह्या दोन-तीन येतात. मोबाईलवरची ॲप नोंद अचूक ठेवतात, बेरीजही करून देतात, पण ज्या खात्यात सर्वात जास्त गळती आहे त्याच्याच हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्यासारखं ते आहे: नोंद करायला फोन उघडला की वीस मिनिटं गेली. ज्यांचं रोजचं काम एक्सेलवर आहे त्यांनी रविवारची तेरीज तिथे करायला हरकत नाही, रोजची नोंद मात्र कागदावरच. दोन दिवसांच्या प्रेरणा शिबिरांचा हुरूप खरा असतो. तो साधारण पुढच्या पगारापर्यंत टिकतो.

घ्यायची तर दोनशे पानी, रुंद, छापील कीर्द घ्या. दिवसाला एक पान धरलं तर साडेसहा महिने पुरते. दुकानात 'डायरी' मागितलीत तर भेटवस्तूची डायरी पुढे येईल. 'रोजकीर्द, खाते पानाच्या रकान्याची' असं सांगा. दिवाळी पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात सगळे आकार मिळतात. पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी गेलात तर उरलेल्या वह्यांत शिलाई सैल असलेल्याच जास्त असतात, तेव्हा दोरा ओढून बघायचं विसरू नका.